लाव्ह्यांचं वजन आणि शेऱ्याचा रकाना

लग्नकार्यात कोणी ‘तुम्ही कशात होता?’ असं विचारलं, की माझ्या आधी माझी बायको उत्तर देते. ‘सरकारी नोकरीत होते, संशोधनात.’ एवढं बोलून ती विषय जिलेबीकडे नेते, कारण मला बोलू दिलं तर मी खरं सांगतो. मी एकोणतीस वर्षं लाव्हे तराजूवर ठेवले आणि त्यांची वजनं वहीत लिहिली. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. तिच्या माहेरी एक जण आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलींवर शिक्के मारत होता, त्याचं ती मोकळेपणाने सांगते.

मी निपाणीकडचा. नोकरीसाठी बंगळूरला आलो आणि इथलाच झालो. घर के. आर. पुरमला, नोकरी देवनहळ्ळीच्या अलीकडच्या एका प्रजनन केंद्रात. आम्ही सगळे त्याला ‘फार्म’च म्हणायचो. मी रुजू झालो तेव्हा कुंपणापलीकडे द्राक्षाचे मळे होते. आता तिथे कमानी आहेत आणि कमानींवर इंग्रजी नावं आहेत. आत घरं कधी होणार ते देवाला ठाऊक.

लाव्हा म्हणजे मुठीत मावेल एवढा पक्षी. आमचे लाव्हे जपानी जातीचे, पाळीव. पिल्लू अंगठ्याएवढं असतं आणि पाणी प्यायला गेलं तर पाण्याच्या ताटलीतच बुडून मरतं. म्हणून ताटलीत गोट्या टाकाव्या लागतात, पोरं खेळतात त्या काचेच्या. सरकारी खरेदीत ‘गोट्या, काचेच्या’ असं लिहिलं, तेव्हा वरून विचारणा झाली होती. दीड महिन्यात मादी अंडी घालायला लागते. कोंबडीला पहिलं अंडं सुचेपर्यंत लाव्ही आजी होण्याच्या तयारीत असते. घाबरला की हा पक्षी पळत नाही, सरळ वर उडी मारतो आणि छताला डोकं आपटून घेतो. आमच्या खात्यात या स्वभावाचे दोन अधिकारी मी पाहिले आहेत.

काम सांगायला सोपं. प्रत्येक पिढीतले वजनदार नर आणि माद्या निवडायच्या आणि त्यांना पुढच्या पिढीचे आईबाप करायचं. बाकीचे विकायचे. असं पिढ्यान् पिढ्या केलं की वाण वजनदार होतो. हा आमचा वजनाचा वाण. शेजारच्या शेडमध्ये अंड्यांचा वाण, तिथे निवड अंड्यांवर. गोम अशी, की वजन वाढवायला जावं तर अंडी घटतात आणि अंडी वाढवायला जावं तर पक्षी वाळतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. के. आर. पुरमला मणी अण्णा म्हणून एक हॉटेलवाले होते. त्यांच्याकडे लाव्ह्याला ‘काडा’ म्हणतात आणि अख्खा तळून देतात. ते दर वेळी येऊन एकच वाक्य बोलायचे, ‘दप्प इरबेकु सार.’ म्हणजे लठ्ठ पाहिजे. त्यांच्या पाठोपाठ अंडी नेणारा बेकरीवाला यायचा आणि अंडी पुरत नाहीत म्हणायचा. मी दोघांनाही सरी, सरी म्हणजे बरं, बरं म्हणायचो.

किरकोळ गिऱ्हाइकांत मला कायमचं लक्षात राहिलेलं एक जोडपं सर्जापूर रोडचं. दोघंही पुण्याची, दोघंही आयटीत. बाल्कनीत लाव्हे पाळून रोज ताजी अंडी खायची, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यातल्या बायकोचं नाव सायली. तिने पिंजऱ्यातून स्वतः दोन पक्षी निवडले, तांबूस छातीचे, एकदम देखणे. मी म्हणालो, ‘अहो, तांबड्या छातीचे नर असतात. ठिपक्यांची छाती असेल ती मादी.’ नवरा मोबाइल दाखवत म्हणाला, ‘काका, आम्ही सगळे व्हिडिओज पाहिलेत. हेल्दी बर्डची ब्रेस्ट रेडिश असते.’ मी दोन्ही पक्षी खोक्यात घातले. गिऱ्हाइकाने व्हिडिओ पाहिलेला असला की गप्प बसावं, हे मी तोवर शिकलो होतो.

तीन आठवड्यांनी सायलीचा फोन आला.

‘काका, एकही एग नाही. आणि पहाटेपासून इतकं ओरडतात ना, सोसायटीच्या ग्रुपवर आमच्यावर पोल घेतलाय.’

‘शेपटीखाली फुगवटा आहे का? दाबला की पांढरा फेस येतो का?’

‘हो ना! आम्ही घाबरून व्हेटकडे नेलं. आम्हाला वाटलं इन्फेक्शन आहे.’

‘इन्फेक्शन नाही. दोघंही अगदी उत्तम नर आहेत. अभिनंदन.’

तिने नवऱ्याला हाक मारून ते सांगितलं. मग ती म्हणाली, ‘एक्स्चेंज होईल का?’ मी त्यांना दोन ठिपकेवाल्या माद्या दिल्या. त्या दोघींनी त्यांच्या बाल्कनीत इतकी अंडी घातली की पुढच्या महिन्यात ते अंडी द्यायला माझ्याच घरी आले.

दुसऱ्यांच्या चुका सांगताना लेखणी अशी सरसर चालते. आता माझी सांगतो.

आमच्या शेडमध्ये रत्नम्मा काम करायच्या. दाणापाणी, झाडलोट, अंडी गोळा करणं, सगळं त्यांच्याकडे. मी त्यांना अक्का म्हणायचो, त्या मला सार म्हणायच्या. आमचं बोलणं कानडीत व्हायचं, इथे ते मी मराठीत उतरवलं आहे. लाव्हीच्या अंड्यावर तपकिरी-काळे ठिपके असतात आणि प्रत्येक मादीची नक्षी आयुष्यभर साधारण तीच राहते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. अक्कांना हातातून माहीत होतं. एका पिंजऱ्यात पाच माद्या, आणि आमची नोंद पिंजऱ्याची, म्हणजे पाचांत मिळून किती अंडी एवढीच. अक्का मात्र अंडं उचलून म्हणायच्या, ‘ही कोपऱ्यातली, पंखाला निळा बिल्ला असलेली. आज तिचा रंग स्वल्प फिका आलाय, पाणी कमी पीत असेल.’ मी कौतुकाने मान हलवायचो आणि वहीत ‘५ पैकी ४’ असं लिहायचो.

वजनं मात्र मी स्वतः करायचो. तराजूला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचो नाही. ‘तराजू खोटं बोलत नाही’ हे माझं शेडमधलं आवडतं वाक्य होतं आणि नवीन माणूस आला की मी ते त्याला ऐकवायचो. पक्षी आठ आठवड्यांचे झाले की सकाळी आठला, दाणा टाकायच्या आधी वजनं करायची, असा नियम. नियम मीच घालून दिलेला.

तो मोडलाही मीच. के. आर. पुरमहून देवनहळ्ळीकडे जायला आधी तास लागायचा, मग दीड लागला, मग रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहायला लागले आणि वेळ सांगायची सोयच उरली नाही. हेब्बाळला बस अशी थांबायची, की उतरून चहा पिऊन परत त्याच बसमध्ये चढता यायचं. मी शेडमध्ये पोचेपर्यंत अकरा वाजायचे, पक्षी पोटभर दाणा खाऊन बसलेले असायचे. म्हणून मी वजनं दुपारी करायला लागलो. तीनला सुरुवात, सहापर्यंत. वाटलं, वजन ते वजन, सकाळी काय आणि दुपारी काय.

अशा तीन पिढ्या गेल्या. लाव्ह्यांच्या तीन पिढ्या म्हणजे आपलं जेमतेम एक वर्ष.

तेवढ्यात नवे साहेब आले. वानखडे साहेब, नागपूरचे, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, माणूस सरळ. त्यांनी पहिल्याच आठवड्यात आमच्या वह्या पाहिल्या आणि मला बोलावलं.

‘शिंत्रेजी, हे काय होऊन राहिलं? तुमच्या वजनाच्या वाणाचं वजन तीन पिढ्यांपासून जागचं हललं नाही.’

‘हो साहेब. थोडं थांबल्यासारखं वाटतंय.’

‘आणि अंडी घटून राहिली. वजन वाढून अंडी घटली तर समजू शकतो. वजनही नाही, अंडीही नाही, मग हे पक्षी ठेवायचे कशाले?’

साहेबांनी निर्णय दिला: महिनाअखेर वजनाचा वाण बंद, पक्षी विकून टाकायचे, शेड रिकामी करायची. माझ्या निवृत्तीला आठ महिने होते. हा वाण मी जवळजवळ पहिल्यापासून वाढवलेला. त्यातल्या पक्ष्यांच्या पणज्यांच्या पणज्या मी हातात धरलेल्या होत्या. दोन दिवसांनी मणी अण्णा शेडमध्ये आले आणि पिंजऱ्यांपुढून लग्नाच्या हॉलमध्ये पंगत बघत फिरावं तसे फिरले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

ते गेल्यावर अक्का हातातला झाडू ठेवून माझ्यासमोर आल्या.

‘सार, हे का विकताय?’

‘वजन वाढत नाही अक्का. आणि अंडी कमी.’

‘अंडी कुठं कमी? मी रोज लिहिते की.’

‘कुठं लिहिता?’

त्यांनी वही उघडली आणि अगदी उजवीकडच्या, ‘शेरा’ लिहिलेल्या रकान्यावर बोट ठेवलं. त्या रकान्यात पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या. रोज आठ, दहा, कधी चौदा. मी त्या वर्षभर पाहत होतो. मला वाटायचं, अक्का पाण्याचे डबे किती भरले ते मांडतात.

‘ही आदल्या संध्याकाळची,’ अक्का म्हणाल्या. ‘मी साडेचारला गोळा करते आणि पाचची बस धरते. या माझ्यामागून घालतात. सकाळी आले की ताटात पडलेली असतात. तुमच्या रकान्यात साडेचारपर्यंतचीच लिहायची असं तुम्ही सांगितलं होतं. मग मी तिकडं रेघा ओढल्या.’

शेऱ्याच्या रकान्याची बेरीज करायची पद्धत आमच्याकडे नाही. कुठल्याच कचेरीत नसावी.

‘पण याच पिंजऱ्यांत एवढ्या उशिरा घालणाऱ्या कशा?’ मी विचारलं.

अक्कांनी माझ्याकडे जरा दया आल्यासारखं पाहिलं. ‘कारण तुम्ही त्याच निवडल्या, सार. लाव्ही दुपारनंतर अंडं घालते. तुम्ही तीनला वजनं करायला बसता. ज्यांनी घालून टाकलं त्या हलक्या भरतात, ज्यांच्या पोटात आहे त्या जड. तुम्ही पोटुशीला तराजूवर बसवलंत आणि म्हणालात, बाई लठ्ठ आहे. या त्यांच्याच मुली आणि नाती. आया उशिरा घालायच्या, याही उशिरा घालतात.’

मी खाली बसलो. बसायला पोतंच होतं, दाण्याचं. लाव्हीचं अंडं दहा-अकरा ग्रॅमचं, आणि माझी सगळी निवड पाच-सात ग्रॅमच्या फरकावर चालायची. तीन पिढ्या मी वजनदार माद्या निवडत नव्हतो, उशीर करणाऱ्या निवडत होतो. बंगळूरच्या रस्त्यांनी मला उशीर करायला लावला आणि मी तोच गुण पाखरांच्या रक्तात उतरवला.

‘मला आधी का नाही सांगितलंत?’

‘सांगितलं होतं. गेल्या वर्षी. तुम्ही म्हणालात, अक्का, तराजू खोटं बोलत नाही.’

मला ते आठवलं. म्हणालो होतो, आणि वर हसलोही होतो.

त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मला विचार करायला दोन तास मिळाले. गप्प बसलो असतो तर कोणालाच काही कळलं नसतं. पक्षी मणी अण्णांच्या कढईत गेले असते आणि मी कोऱ्या फायलीनिशी निवृत्त झालो असतो. एकोणतीस वर्षांत माझ्या नावावर एकही ठपका नव्हता, आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता. मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, ‘साहेबांना सांगून टाका. नाहीतर रोज मलाच सांगत बसाल, आणि मी साहेब नाही.’

दुसऱ्या दिवशी सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तोंडी नाही, मले दाखवा.’

म्हणून त्या दुपारी चार वाजता आम्ही तिघं शेडमध्ये तीन स्टुलांवर बसलो. समोर बारा माद्या, अक्कांनी वेचून वेगळ्या ठेवलेल्या, प्रत्येकीचं वजन करून पाटीवर लिहिलेलं. आता त्यांनी अंडी घालायची वाट पाहायची. कोणी तीन माणसं टक लावून बसली असताना अंडं घालणं लाव्हीलाही अवघड जात असावं. पाऊण तास काहीही झालं नाही. साहेबांनी पायावरचा पाय बदलून पाहिला. मग त्यांचा मोबाइल वाजला, मोठ्या आवाजात, ढोल-ताशाची रिंगटोन. बाराच्या बारा माद्यांनी एकदम वर उडी मारली आणि बारा डोकी छताला आपटली.

‘बंद करा सार,’ अक्का साहेबांना म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी कुठल्या अधिकाऱ्याला हुकूम दिलेला मी ऐकला नव्हता. साहेबांनी मुकाट्याने फोन बंद केला.

पाच वाजले. अक्कांची बस गेली. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. सव्वापाचला त्या हळूच म्हणाल्या, ‘आता ही. पुढची डावीकडची.’ तीन-चार मिनिटांत डावीकडचीने अंडं घातलं. मी तिला उचलून तराजूवर ठेवलं. आधी दोनशे छत्तीस, आता दोनशे पंचवीस. साहेबांनी वाकून आकडा पाहिला, चष्मा काढून परत पाहिला.

‘आता मागची,’ अक्का म्हणाल्या. मागचीने घातलं. साहेब अक्कांकडेच पाहायला लागले.

‘तुम्हाले कसं कळते?’ त्यांनी आधी मराठीत विचारलं, मग हिंदीत, शेवटी मी ते अक्कांना कानडीत विचारलं.

‘घालायच्या आधी ती काम विसरल्यासारखी उभी राहते,’ अक्का म्हणाल्या.

साडेसहापर्यंत बारापैकी नऊ जणींची झाली. दर वेळी दहा-अकरा ग्रॅम. साहेबांनी पाटीवरचे आकडे पुन्हा वाचले. मग म्हणाले, ‘म्हणजे तीन पिढ्या पाण्यात गेल्या.’

‘अर्ध्या गेल्या, साहेब,’ मी म्हणालो. ‘नरांची वजनं खरी आहेत. नर अंडी घालत नाहीत.’

‘तेवढं माहीत आहे मले, शिंत्रेजी.’ पण त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा हसू आलं. निवडलेले नर खरोखर वजनदार होते, आणि बापाच्या बाजूने वाण शाबूत होता. माद्या पुन्हा नीट वेळेवर तोलल्या, तर सुटलेला धागा परत हाती लागला असता. साहेबांनी दोन पिढ्यांची मुदत दिली. अटी दोन. एक, झालं ते सगळं माझ्या सहीने लेखी वरच्या कार्यालयात जाईल. दोन, पुढची वजनं सकाळी आठलाच होतील, मी पोचलो तरी आणि नाही पोचलो तरी.

न पोचणाऱ्यांत मीच होतो. म्हणून तराजू अक्कांकडे गेला. त्या साडेसातला शेडमध्ये असायच्या. पहिल्या दिवशी मी धापा टाकत अकराला पोचलो तेव्हा सगळी वजनं झालेली होती, आणि ती शेऱ्याच्या नाही, वजनाच्या रकान्यात लिहिलेली होती. मी मुद्दाम वीस पक्षी परत तोलून पाहिले. एकही आकडा चुकला नव्हता. मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं, हे लपवत नाही. दुसऱ्या पिढीला वजनाचा काटा हलला. फार नाही, पण वरच्या बाजूला. मणी अण्णा नंतर आले तेव्हा साहेबांनीच त्यांना सांगितलं, हे विकायचे नाहीत.

खुलाशाचं पत्र मात्र मी लगेचच पाठवलं होतं. ‘माद्यांची वजने चुकीच्या वेळी घेतली गेली. चूक माझी. ती निदर्शनास आणून दिली रत्नम्मा, पक्षीगृह सेविका, यांनी.’ मला वाटलं होतं ठपका येईल. त्याऐवजी पंधरा दिवसांनी इंग्रजीत विचारणा आली, तिचा अर्थ असा: सदर चूक निदर्शनास आणून देणाऱ्या व्यक्तीची शैक्षणिक अर्हता कळवावी.

मला राग आला. चुकणाऱ्याची अर्हता कोणी विचारली नव्हती, आणि मी तर पदव्युत्तर. मी उत्तर लिहिलं, ‘शिक्षण चौथी, कन्नड माध्यम. याच शेडमधला अनुभव अठरा वर्षे.’ लिहून झाल्यावर ते अक्कांना कानडीत वाचून दाखवलं. वाटलं, त्यांना बरं वाटेल.

त्या माद्यांना दाणा घालत होत्या. ऐकून म्हणाल्या, ‘अठरा नाही सार. एकवीस.’

‘मस्टरवर अठराच आहेत, अक्का. मी बघून लिहिलंय.’

‘मस्टरवर. त्याच्या आधी तीन वर्षं रोजंदारीवर होते. पिंजऱ्यांखालची घाण घमेल्यात भरून तुमच्या टेबलासमोरून न्यायचे. रोज नमस्कार करायचे तुम्हाला.’

मी आठवून पाहिलं. घमेलं आठवलं. त्याचा एक कान तुटलेला होता, तेही आठवलं. बाई आठवली नाही.

पत्र अजून टपालात गेलं नव्हतं. मी अठरा खोडलं आणि वर एकवीस लिहिलं. आमच्या कचेरीचा नियम आहे, आकडा खोडून सुधारला की शेजारी सही करायची, ज्याची चूक त्याने. मी सही केली.